करवलीच्या पायातलं जोडवं

आमच्या शकूताईला रडू येत नसे. वाईट वाटत नसे असं नाही, भरपूर वाटायचं. पण वाईट वाटलं की तिला हसू फुटायचं. शाळेत बाईंनी छडी उगारली की ही हसणार, आणि मग छडी अंमळ जोरातच बसणार. गल्लीत कुणी वारलं आणि माय आम्हाला घेऊन भेटायला गेली की ताई ओढणीचा बोळा तोंडात कोंबून भिंतीकडे वळून उभी राहायची. तिचे खांदे गदगदा हलायचे आणि बायका एकमेकींना सांगायच्या, पोरगी मनानं लई हळवी हाय. मी तिच्यापेक्षा बरीच धाकटी आणि माझं बरोबर उलटं. मला रडू यायचं, आणि तेही नुसतं माझं नाही, कुणाचंही यायचं.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्याकडे तेव्हा बायका नुसत्या रडत नसत, बोलून रडत. हेल काढून, ज्याच्यासाठी रडायचं त्याची सगळी कामं आणि सवयी सांगत सांगत. लेक सासरी निघाली की ‘माजी राधा निघाली गंऽ, आता हंड्याला हात कोण लावील गंऽ’ असं सुरू व्हायचं आणि ते शेळीच्या पाल्यापर्यंत जाऊन पोहोचायचं. प्रत्येकीची चाल निराळी. पिठाच्या गिरणीवाल्या काकू वाक्याच्या शेवटी उंच चढायच्या आणि तिथंच दम संपून खोकायच्या. समोरची जनाबाई खालच्या पट्टीत उतरत उतरत पार दिसेनाशी व्हायची. अण्णांची थोरली बहीण कौशीआत्या पालीहून यायची. तिचं रडणं दारात चपला काढतानाच सुरू व्हायचं आणि चहा आला की थांबायचं. दुपारी माय घरी नसली की मागच्या अंगणात लिंबाखाली मी ताईला एकेकीचं रडणं करून दाखवायची. ताई हसून हसून आडवी व्हायची, माती लागलेल्या पाठीनं उठायची आणि म्हणायची, आता परत एकदा गिरणीवाल्या काकू. पुढं आयुष्यात कितीतरी लोकांनी कानाला हेडफोन लावून माझा आवाज ऐकला, त्याचे पैसेही दिले, पण तिच्यासारखं ऐकणारं माणूस मला भेटलं नाही.

घर परळीला, थर्मलच्या, म्हणजे विजेच्या कारखान्याच्या बाजूला. अण्णा थर्मलला कामाला होते आणि माय सरकारी दवाखान्यात आया. थर्मलची घरघर दिवसभर चालायची, त्यामुळे आमच्या गल्लीत सगळेच एक पट्टी वर बोलायचे; साधं मीठ मागायचं तरी भांडण चालल्यासारखं वाटायचं. मुंबईला नवीन असताना माइकपुढे उभी राहिले तेव्हा काचेपलीकडच्या माणसानं मला हातानं खुणावून मागं, अजून मागं, अजून मागं असं करत जवळजवळ दारापर्यंत नेलं होतं. राख तर सगळ्यांवर. वाळत घातलेले कपडे झटकूनच घरात आणायचे, दही लावलं तर त्यावर ताट आणि ताटावर फडकं. मायची ड्युटी लवकरची, म्हणून अण्णांचा डबा ताई करायची. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा, आणि हिवाळ्यात येसराची आमटी असली तर ती डब्याच्या खालच्या पुडात. भाकरी बडवण्याचा तिचा ठेका मला झोपेत ऐकू यायचा. तो थांबला की आता उठायला हवं हे कळायचं, आणि मी कूस बदलून परत झोपायची, कारण डबा करणं हे ताईचं काम होतं, माझं नव्हतं.

ताईला दिंद्रुडचं स्थळ आलं. मुलाचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, जत्रा, निवडणूक, काहीही असो, गाडीवर भोंगे बांधून हा हजर. बघायला आला तेव्हा त्यानं ताईकडे कमी आणि आमच्या कोपऱ्यातल्या रेडिओकडे जास्त पाहिलं. शेवटी त्याच्या आईनं कोपरानं ढोसलं तेव्हा म्हणाला, तुमच्या रेडिओत खरखर येती का? एवढा एकच प्रश्न. ताई घाबरलेली होतीच, तिला हसू फुटलं. पाहुण्यांना वाटलं मुलीला मुलगा आवडला. गंमत म्हणजे तो आवडलाही होता, पण हसण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ते आमचे दाजी.

लग्न ठरलं आणि घरात एकच काळजी शिरली. ती आधी बोलून दाखवली कौशीआत्यानं. आत्या रडण्यातली मोठी जाणकार. कुणाच्या लग्नात कोण कसं रडलं हे तिला वर्षानुवर्षं आठवायचं, आणि ‘तिच्या रडण्यात दम न्हवता’ असं एकदा ती म्हणाली की त्यावर अपील नव्हतं. आमच्याच गल्लीतली एक मुलगी सासरी जाताना रडली नाही, हौसेनं जीपमध्ये चढली. तिला पुढं कितीतरी वर्षं सासरी ऐकावं लागलं, की माहेरी हिला कुणी जीव लावला नसणार, नाहीतर अशी उड्या मारत आली असती का. तिच्या आईलाही इकडे बायका तेच विचारायच्या. आत्यानं ही गोष्ट मायला सांगितली, तांदूळ निवडता निवडता, अगदी सहज, आणि पुढं विचारलं, ‘आपली शकू तर हसती. मांडवात सगळ्यांम्होरं हसली म्हंजी?’  तिनं निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यात ओतले, आणि मला तेव्हा कळलं की ती खरंच घाबरली आहे.

अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. आपलं लग्न वंदना घेऊन, पंचशील म्हणून, साधं आणि वेळेवर होणार. पांढऱ्या साडीत मुलगी शोभून दिसेल. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत आणि रडारड तर मुळीच नाही. मुलगी काय तुरुंगात चाललीय? तासाभराच्या रस्त्यावर चाललीय. हे त्यांनी आत्याला ऐकवलं, मायला ऐकवलं, शेजाऱ्यांना ऐकवलं. ऐकवताना त्यांचा आवाज जरा जास्तच चढायचा, आणि तो थर्मलच्या घरघरीमुळे चढतो असं आम्ही धरून चाललो.

मग आमची तालीम सुरू झाली. लिंबाखालीच. मी ताईला दुःखाच्या गोष्टी सांगायची. तुझी शेळी मेली होती ना, आठव. ती आठवायची, डोळे मिटायची, ओठ थरथरायचे, आता रडणार असं वाटायचं आणि फिस्सकन् हसायची. कांदा डोळ्यांपाशी धरला तर पाणी आलं, पण तोंड हसरंच. ते ध्यान फारच भयंकर दिसत होतं. मी तिला जनाबाईची चाल शिकवली, काकूंची शिकवली, शब्दही रचून दिले. काही उपयोग नाही. शेवटी एक दिवस ती खरंच हताश होऊन बसली. मला म्हणाली, सासरचे काय म्हणतील त्याचं मला काही नाही, ते मी बघून घेईन. पण मी हसले आणि मायला वाटलं की मला तिचं काहीच वाटत नाही, तर मी काय करू? एवढं बोलून ती हसली. मला त्या दिवशी तिचं ते हसू ऐकवेना. मग तिनंच विचारलं.

‘रंजे, तू रडशील का माज्या वाटचं?’

करवली मीच होते. नवरीला चिकटून उभं राहायचं आणि तिच्याबरोबर सासरी जाऊन राहायचं, हे माझंच काम. पदर मोठा होता. मी तिची निळी छत्री मागितली, ती तिनं ताबडतोब कबूल केली आणि सौदा ठरला. आज स्टुडिओत नवीन मुलं मला विचारतात, मॅडम, तुमचं पहिलं डबिंग कोणतं? मी त्यांना अस्वलाच्या पिल्लाचं सांगते, कारण ते कागदोपत्री आहे. घोगऱ्या गळ्याचं, हट्टी, मधासाठी जीव टाकणारं ते पिल्लू बरंच गाजलं, आणि तो घोगरा आवाज कसा काढला असंही हमखास विचारलं जातं. त्यावर मी गूढ हसते. पण खरं पहिलं काम त्याच्या कितीतरी आधीचं, आणि त्याचा मोबदला एक छत्री.

आधी ताईचा आवाज बसवावा लागला. डबिंगमध्ये नुसता आवाज काढून भागत नाही, तो समोरच्याच्या ओठांवर बसवावा लागतो. माणूस कुठे श्वास घेतो, कुठे अडखळतो, हे ठाऊक असावं लागतं. हे मला पुढं कुणीतरी मोठं गुपित म्हणून शिकवलं. ताई कधी रडलीच नव्हती, तेव्हा ती कशी रडेल हे मला मनानं ठरवायचं होतं. ती नाकातून जरा बोलायची, आणि ‘आण्णा’ म्हणताना पहिला ‘आ’ लांबवायची. तेवढ्यावर मी सगळं उभं केलं. लिंबाखाली म्हणून दाखवलं तर ती चक्क गप्प झाली. म्हणाली, हे तर मीच हाय.

लग्न थर्मलच्या मैदानावर झालं. आपल्याच लग्नात दुसऱ्याचा सेट वाजलेला दाजींना चालणार नव्हता, म्हणून वऱ्हाडाआधी त्यांचे भोंगे आले. नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात बसला होता खरा, पण भोंग्यातून जरा शिट्टी वाजली की उठून बटणं पिळायला जायचा. त्याला दोनदा हाताला धरून आणून बसवावं लागलं. वंदना झाली, पंचशील झालं, फुलं पडली, बुंदी आणि वांग्याची भाजी खाऊन माणसं हात पुसू लागली. निरोपाची वेळ झाली तसे दाजींनी भोंगे बंद करायला लावले. तेवढी रीत त्यांना कळत होती. पण माइक तसाच, जीप उभी होती तिथल्याच खांबाला, बांधलेला राहिला आणि त्याला जोडलेला टेपही तसाच फिरत राहिला. आपल्या लग्नाची पूर्ण कॅसेट व्हावी अशी त्यांची हौस होती, आणि ते आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं.

जीपपाशी माय पुढं झाली. तिनं ताईला मिठीत घेतलं आणि मी मध्येच घुसले, दोघींच्या मधोमध, पदराखाली. बाहेर आत्या कान देऊन उभी. ताईचं पोट हलू लागलेलं मला कळलं, म्हणजे हसू निघालंच होतं. मी सुरू केलं. ‘मायेऽऽ, तुजी शकू चालली गंऽऽ.’ नाकातून, श्वास मोडत, अगदी ठरल्याप्रमाणे.  बाहेर कुणीतरी हुंदका दिला, मग आणखी कुणी. मला जोर चढला. मी मायच्या पाणी भरण्याचं म्हटलं, लिंबाचं म्हटलं, आणि मग शिकवून न ठेवलेलं तोंडाला आलं. ‘आऽऽण्णा, तुमच्या डब्याला आता भाकरी कोण बडवील होऽऽ.’

कोण म्हणजे, मीच. हे मला त्याच क्षणी उमगलं. दिंद्रुडहून परत आले की रोज लवकर उठायचं, चूल पेटवायची, थापायचं, भाजायचं. पहिलं रडू मला त्याचं आलं, हे मी लपवत नाही. पण त्याच्यामागोमाग दुसरं आलं. सकाळी भाकरीचा ठेका ऐकू येणार नाही आणि लिंबाखाली हसायला कुणी नसेल, हे तोवर माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. मी ताईच्या आवाजात, ताईसाठीच रडू लागले आणि मला थांबता येईना. उभं राहण्याचं भानही राहिलं नसावं, कारण ताई दातांतल्या दातांत काहीतरी पुटपुटली आणि तिनं मला ढकललं. माझी पकड सुटली नाही. पदराच्या फटीतून मला अण्णा दिसले. ते मांडवात पार मागं जाऊन खुर्च्या एकावर एक रचत होते. माणसं अजून बसलेली होती, त्यांनाही उठवत होते. आत्या नाक ओढत म्हणाली, पोरगी रडली बाई, नाव राखलं.

दुसऱ्या दिवशी दिंद्रुडला गल्लीतल्या बायका नवरीला बघायला जमल्या. परळीची पोरगी कशी रडली ही बातमी आमच्याआधी पोचलेली. ताई मान खाली घालून बसलेली, मी शेजारी. ताईच्या सासूबाई, सुंदराबाई, सुपात तूर पाखडत होत्या. कमी बोलणारी, लांब हाडांची बाई. तिला मी कालपासून चळचळा कापत होते. दाजींना कोण आनंद झाला होता. म्हणाले, सांगायचं कशाला, ऐकवतोच, आणि त्यांनी टेप आणून ओट्यावर ठेवला.

आपला आवाज यंत्रातून ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ. तो माझा नव्हताच म्हणा, ताईचा होता, आणि काय रडत होती ताई. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एक म्हातारी तर टेपला उद्देशून ‘गप बाई, गप’ म्हणू लागली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की ही गोष्ट कुणाला सांगता येणार नाही याचं वाईट वाटू लागलं. तेवढ्यात डब्याचं आलं, भाकरीचं आलं, रडणं पार टिपेला पोचलं, आणि त्याच्याच खाली, स्वच्छ, रोजच्या आवाजात टेप म्हणाला, ‘अगं पाय काढ की. जोडवं रुतायलंय.’

रडणं चालूच होतं. दाजींनी बटण दाबलं.   सासरी येऊन पुरता एक दिवस झाला नव्हता आणि नवी सून खोटी ठरणार होती, तिच्या आईबापासकट. एका बाईनं विचारलंच, मधीच हे कोण बोललं? दाजी आवाजाच्या धंद्यातले, त्यांना काय ते समजलं होतं. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंड न बदलता म्हणाले, ‘करवली बोलली ती.’

झालं. बायकांची तोंडं माझ्याकडे वळली. बहीण ऊर फुटून रडतीया आणि हिला जोडव्याचं पडलंय. आजकालच्या पोरींना मायाच न्हाई. मघाची म्हातारी मला म्हणाली, तुज्या लग्नात कोण रडंल गं? मी तोंड उघडलं तर ताईनं मांडीला असा चिमटा घेतला की डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून म्हातारी म्हणाली, आता रडून काय उपेग. अशा रीतीनं दिंद्रुडात जिच्यामुळे सगळं गाव रडलं तीच बिनमायेची ठरली. अजूनही तिथं गेले की कुणीतरी म्हातारी मला त्याच नावानं ओळखते. माझा आवाज रोज त्यांची नातवंडं मोबाइलवर ऐकतात, हे त्यांना सांगून पटत नाही.

बायका गेल्या. सुंदराबाईंनी मला पाय धुऊन जेवायला बसायला सांगितलं. ताटात धपाटं वाढलं, दही वाढलं, आणि मांडी घालून बसलेल्या माझ्या पायांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

‘करवलीबाई, तुजं जोडवं कुठंय गं?’

 जोडवी लग्न झालेल्या बाईच्या पायात असतात, हे जगातल्या कुणालाही ठाऊक असलेलं मला, ताईला आणि आवाजाचा एवढा जाणकार असलेल्या दाजींना, कुणालाच सुचलं नव्हतं. मी म्हटलं, हरवलं.

‘लगीन न झालेल्या पोरीचं जोडवं हरवलं,’ सुंदराबाई म्हणाल्या. ‘हे बी नवलच.’

दाजी वायरी गुंडाळू लागले. गुंडाळलेली वायर सोडून परत गुंडाळू लागले. मी ताईकडे पाहिलं, तर तिचा ओठ थरथरत होता. तिनं पदर तोंडात कोंबला, भिंतीकडे वळली, पण या वेळी काही जमलं नाही. ती हसली. आधी फिस्सकन्, मग मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, नव्या घरात, सासूसमोर, दुसऱ्याच दिवशी. हसता हसता म्हणत होती, मला रडू येत न्हाई ओ, काय करू, मला येतच न्हाई. आता संपलं, असं मला वाटलं. परत परळी, आणि आत्या.

सुंदराबाईंनी तिला पुरतं हसू दिलं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘हसती तरी सोताच्याच तोंडानं न्हवं? बास झालं. आमच्या घरात रडायचं काम लई पडत न्हाई.’ आणि दाजींकडे वळून म्हणाल्या, ती कॅसेट पुन्हा लावायची नाही. लोकांच्या कानात जे बसलंय ते तसंच राहू द्या. माझ्या ताटात त्यांनी आणखी एक धपाटं टाकलं. मला ते नको होतं, पण नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

दाजींनी मात्र मला सोडलं नाही. दुपारी ओट्यावर बसवून विचारलं, अजून कुणाकुणाचा आवाज काढतीस? मी कौशीआत्या काढली, गिरणीवाल्या काकू काढल्या, आणि आजूबाजूला नीट बघून सुंदराबाईसुद्धा काढल्या. तेव्हापासून सुट्टीला दिंद्रुडला गेले की ते माझ्याकडून बाजाराच्या जाहिराती कॅसेटवर भरून घेऊ लागले. बी-बियाणं, भांडी, तंबूतला सिनेमा. कधी मी म्हातारी, कधी पोरगा, कधी पाटील. त्या जोरावर मी कॉलेजात नाटकं केली, आणि दाजी मुंबईहून ज्याच्याकडून सामान आणायचे त्यानं एक दिवस सांगितलं की परदेशी कार्टूनला आपल्याकडचे आवाज लावायचं काम निघालंय, लहान पोरांचे आवाज बायकाच करतात, तुमची मेहुणी पाठवा. तिथं गेल्यावर पहिले काही महिने ‘आमी’, ‘तुमी’तला ह कुठं गेला म्हणून सगळे मला विचारायचे. मी सांगायची, परळीच्या राखेत राहिलाय, पार्सलनं मागवते. आता तो ह माझ्यापाशी कायम असतो, गोष्टींची पुस्तकं वाचून भरते तेव्हा तर फारच. फक्त ताईचा फोन आला की तो आपोआप निघून जातो. परवा एका गेमसाठी मरायचं काम होतं. उंचावरून पडून, पाण्यात गुदमरून, बाण लागून, निरनिराळ्या तऱ्हांनी मरून दाखवायचं. मी मायच्या गल्लीतल्या सगळ्या बायका आठवून मेले. काचेपलीकडचा मुलगा म्हणाला, मॅडम, जरा कमी मरा, खेळणाऱ्याला परत उठायचंय.

पण मला सांगायचंय ते मुंबईला निघण्याच्या दिवसाचं. परळीच्या स्टेशनवर सगळे आले होते. माय, अण्णा, आता काठी घेऊन चालणारी आणि कानानं कमी झालेली आत्या, कडेवर पोर घेतलेली ताई. दाजी तर सकाळपासून माझ्या गळ्यावर पहारा देत होते. थंड पाणी नाही, लोणचं नाही, आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. उद्या माइकसमोर उभं राहायचंय, गळा बसला तर आल्या गाडीनं परत यावं लागेल, असा त्यांनी दम भरलेला. अण्णांनी माझ्या हातात डबा दिला. भाकरी त्यांनी स्वतः केल्या होत्या, कडा जळालेल्या. मी गळा आवळून धरला, खाली बघत उभी राहिले. लग्न होऊन नव्हे, नोकरीला चाललेली मुलगी. हिच्या निरोपाला रडायचं की नाही, हे आत्यालाही ठरवता येईना. शेवटी तिनं ठरवलं. ‘कोरडीच चालली का काय ही?’

ताईनं पोर दाजींकडे दिलं. पुढं आली, मायला आणि मला दोन्ही हातांनी ओढलं आणि तिघींच्या डोक्यावरून आपला पदर घेतला. आणि माझ्या कानाशी, माझ्याच आवाजात म्हणायला लागली, ‘मायेऽऽ, तुज्या रंजीला म्हमईत भाकरी कोण घालील गंऽऽ.’ म्हणजे तिला तो माझा आवाज वाटत होता. इतकी वाईट नक्कल मी आजवर ऐकलेली नाही, आणि या धंद्यात मी पुष्कळ वाईट नकला ऐकल्यात. चाल जनाबाईची, नाक तिचं स्वतःचं, आणि दर ओळीच्या शेवटी हसू. बाहेर आत्या म्हणाली, आता कसं. पदराखाली अंधारात माय आम्हा दोघींना धरून उभी होती. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं.

‘तवा ही हसायलती अन् तू रडलीस. आज तू गप हायस अन् ही रडायली. आपापलं कधी रडताव गं तुमी?’

मी विचारलं, तुला माहीत होतं? माय म्हणाली, रोज दवाखान्यात माणसं रडत्यात, कुणाचं कुठनं येतंय एवढं कळत न्हाई व्हय मला. मग म्हणाली, ‘पर डब्याचं म्हणलीस न्हवं, तवा तू खरी रडलीस. म्हून म्या काई बोलले न्हाई.’

गाडी हलली. ताईनं खिडकीतून निळी छत्री आत टाकली; लग्नानंतर ती छत्री तिनं मला कधी दिलीच नव्हती. दाजी गाडीबरोबर चालत स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवत होते. मी मान डोलावली, आणि ते दिसेनासे झाल्यावर जी सुरू झाले ती परभणी येईपर्यंत थांबले नाही. कुणाची चाल नव्हती, शब्द नव्हते, रडताना आपला आवाज असा येतो हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी माइकसमोर उभी राहिले तेव्हा गळा पार बसला होता, आणि अस्वलाच्या पिल्लाला तोच लागला. दाजींना हे मी अजून सांगितलेलं नाही.